सळीवर जागा कोणाची?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही दोघं बहीण-भाऊ याच जनवाड्याचे. एकीची नोकरी हैदराबादच्या एका रुग्णालयात, ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका म्हणून. दुसरा रसायनशास्त्र शिकवतो. यंदा आरोग्यावर बोला, असा मंडळाचा आग्रह होता. मधुमेह, रक्तदाब असे विषय सुचले. पण सुट्टीत गावात फिरताना एक गोष्ट आमच्या नजरेत भरली. जवळजवळ प्रत्येक गल्लीत एक तरी माणूस असा आहे की ज्याच्या नडगीत सळी, मांडीत प्लेट किंवा गुडघ्यात बदललेला सांधा आहे. रस्ते रुंद झाले, मोटारसायकली वाढल्या, माणसं जास्त जगू लागली, त्यामुळे गुडघेही झिजले. म्हणून आज आम्ही बोलणार आहोत ते शरीरात बसवलेल्या धातूबद्दल, आणि त्या धातूवर जंतूंनी ठाण मांडू नये म्हणून जगभर चाललेल्या एका खटपटीबद्दल. त्या खटपटीचं नाव आहे जंतुनाशक पेप्टाइड. नाव अवघड आहे. गोष्ट अवघड नाही.

सुरुवात आपल्या घरच्या कलेपासून करू. बिदरी काम आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. जस्त आणि तांबं यांची ओतीव वस्तू घ्यायची, तिच्यावर नक्षी कोरायची, कोरलेल्या रेघांत चांदीची तार ठोकून बसवायची, घासून सपाट करायची आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप तापलेल्या वस्तूवर चोळायचा. लेप सगळीकडे सारखाच लागतो. पण जस्ताचा भाग काळाभोर होतो आणि चांदी तशीच लखलखत राहते. आतला धातू आहे तसाच असतो, बदलतो तो फक्त वरचा पापुद्रा. आणि त्या लेपाला निवड कळते. वरचा पापुद्रा आणि निवड, हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

हाडात बसवायची सळी बहुधा स्टेनलेस स्टीलची किंवा टायटॅनियमची असते. टायटॅनियम हाडाला मानवतं, हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांवर प्रयोग करताना कळलं. निरीक्षणासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी हाडाने अशी घट्ट धरली की ती सुटेना. म्हणजे हाडाच्या पेशींना धातूवर बसायला आवडतं. अडचण एवढीच की जंतूंनाही आवडतं.

बस स्टँडवर गाडी लागली की काय होतं, ते आपल्याला सांगायला नको. गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल पडतो, टॉवेल पडतो, कुणाची पिशवी पडते. ज्याचा रुमाल आधी, त्याची जागा. मागून तिकीट काढून आलेला माणूस उभाच राहतो. अमेरिकेचे अस्थिशल्यचिकित्सक अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये शरीरातल्या धातूबद्दल नेमकं हेच मांडलं. सळी आत गेली की तिच्या पृष्ठभागासाठी शर्यत सुरू होते. एकीकडे आपल्या हाडाच्या पेशी, दुसरीकडे चुकूनमाकून आत आलेले चार-दोन जंतू. पेशी आधी बसल्या तर सळी शरीराची होते. जंतू आधी बसले तर ती त्यांची होते.

या शर्यतीत जंतूंचा वेग भयंकर असतो. हाडांच्या संसर्गात सर्वांत जास्त सापडणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. सूक्ष्मदर्शकातून द्राक्षाच्या घडासारखा दिसतो, म्हणून हे ग्रीक नाव. तो काही परका नाही. साधारण दर तीन माणसांत एकाच्या नाकात तो सुखाने राहत असतो. चांगलं पोषण मिळालं तर अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. दोनाचे चार, चाराचे आठ, असं धरत गेलं तर दहा तासांत एकाचे दहा लाखांवर होतात. हाडाच्या पेशींना मात्र पसरून नवं हाड घालायला दिवस आणि आठवडे लागतात.

एरवी आपलं शरीर अशा जंतूंना सहज पुरून उरतं. १९५७ मध्ये लंडनच्या एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या कातडीवर प्रयोग केला. नुसत्या कातडीत पू व्हायला लाखो जंतू टोचावे लागले. पण तिथे रेशमी टाक्याचा एक धागा असला की शे-दोनशे जंतूही पुरले. एका धाग्याने हा फरक पडतो, तर हातभर सळीने काय होत असेल याचा विचार करा. धातूत रक्तवाहिनी नाही. पांढऱ्या पेशी तिथे नीट पोहोचत नाहीत, आणि रक्तातून जाणारं औषधही पुरेसं पोहोचत नाही.

एकदा बसल्यावर जंतू स्वतःभोवती एक बुळबुळीत थर तयार करतात. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला हात लावला की निसरडं लागतं ना, तसाच तो असतो. शास्त्रात त्याला बायोफिल्म म्हणतात; आपण त्याला जंतूंचा शेवाळथर म्हणू. या थरात जंतू जवळजवळ झोपून असतात, आणि बहुतेक अँटिबायोटिक काम करतात ती वाढणाऱ्या जंतूंवर. त्यामुळे मोकळ्या जंतूला मारायला जेवढं औषध लागतं, त्याच्या शेकडो ते हजार पट औषध या थरातल्या जंतूला लागू शकतं. एवढं औषध माणसाला देता येत नाही. म्हणूनच कितीही गोळ्या घेतल्या तरी पू थांबतो आणि पुन्हा येतो. शेवटी सळी काढणं हाच उपाय उरतो.

हे नुसतं पुस्तकातलं वाटू नये म्हणून आमच्या ओळखीतल्या एका काकांची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत मोटारसायकलवरून पडले. नडगीचं हाड कातडी फोडून बाहेर आलं. एका शहरात सळी बसवली, दीड महिन्यात काठी घेऊन चालू लागले. मग जखमेच्या टोकाला टाचणीएवढं भोक राहिलं आणि त्यातून थेंब थेंब पाणी येऊ लागलं. दुखत नव्हतं म्हणून वर पट्टी चिकटवली. मेडिकलमधून गोळ्या आणल्या. पाच दिवस घेतल्या की पाणी बंद, सोडल्या की सुरू. असं तीन वेळा झालं. पाच महिन्यांनी ताप आला तेव्हा दवाखान्यात नेलं. सळी काढली, हाड खरवडलं, बाहेरून चौकट बसवली, पुन्हा हाड जुळायची वाट पाहिली. तीन ऑपरेशनं झाली आणि दोन एकर गहाण पडलं. आज ते चालतात. पण नांगरामागे चालत नाहीत.

ठरवून केलेल्या गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या ऑपरेशनमध्ये असा संसर्ग शंभरात साधारण एक ते दोन जणांना होतो. हा आकडा लहान वाटतो, पण त्या एकाच्या घरात तो शंभर टक्के असतो. आणि हाड कातडीबाहेर येऊन माती लागली असेल, तर धोका कित्येक पटींनी वाढतो. आपल्याकडे होतात त्या अपघातांत हेच प्रमाण मोठं आहे.

यावर डॉक्टरांनी काहीच केलं नाही असं मुळीच नाही. आधुनिक खुबारोपणाचे जनक सर जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये १९६२ पासून हे काम नावारूपाला आणलं. सुरुवातीला त्यांनाही जंतुसंसर्गाने हैराण केलं होतं. ऑपरेशनच्या खोलीतली हवा गाळून घेणं, खास अंगरखे वापरणं अशा उपायांनी त्यांनी हे प्रमाण शेकडा एकच्या आसपास आणलं. जर्मनीत हँबर्गच्या बुखहोल्त्स यांनी १९७० च्या सुमारास सांधा बसवायच्या सिमेंटमध्येच जंटामायसिन मिसळायला सुरुवात केली. औषध रक्तातून पाठवण्याऐवजी जागेवरच ठेवायचं, ही कल्पना तेव्हापासून रुजली. आज काही ठिकाणी अँटिबायोटिकचा लेप दिलेली सळीही वापरतात.

मग नवीन काही शोधायची गरज काय? कारण जंतू शिकतात. सिमेंटमधून औषध आधी भरपूर सुटतं आणि मग कित्येक आठवडे थोडं थोडं पाझरत राहतं. ही थोडी मात्रा जंतूंना मारत नाही, तालीम देते. आणि आपण औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणून खातो, तीही तालीमच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या अहवालांनुसार देशातल्या मोठ्या रुग्णालयांत सापडणाऱ्या या द्राक्षघडी जंतूंपैकी शेकडा चाळीसच्या वर मेथिसिलीन गटाच्या औषधांना दाद देत नाहीत. म्हणून वेगळ्या तऱ्हेने मारणाऱ्या हत्याराचा शोध सुरू झाला. ते हत्यार निसर्गात कोट्यवधी वर्षांपासून पडून होतं.

पेप्टाइड म्हणजे काय, ते आधी सांगतो. प्रथिन ही अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ असते. मण्यांचे प्रकार वीस. तीच माळ आखूड असली, दहा ते पन्नास मण्यांची, तर तिला पेप्टाइड म्हणायचं. यातल्या काही आखूड माळा जंतुनाशक असतात.

या शोधाचा एक पहिला धागा आपल्या दारातला आहे. बिदरहून दीडशे किलोमीटरच्या आत, हैदराबादला सीसीएमबी ही पेशी आणि रेणू जीवशास्त्राची संस्था आहे. तिचे संस्थापक संचालक पुष्प मित्र भार्गव आणि त्यांचे सहकारी रेड्डी यांनी १९७९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक निष्कर्ष छापला. वळूच्या वीर्यद्रवात ४७ मण्यांचं एक छोटं प्रथिन असतं आणि ते जंतूंना मारतं. त्याला सेमिनलप्लाझमिन असं नाव पडलं. दोन वर्षांनी, १९८१ मध्ये, स्वीडनच्या हान्स बोमान यांच्या गटाने एका मोठ्या रेशमी पतंगाच्या कोशातून सेक्रोपिन वेगळं केलं. मग १९८७ मध्ये अमेरिकेत मायकेल झॅसलॉफ यांचं लक्ष बेडकांकडे गेलं. ते प्रयोगासाठी आफ्रिकन बेडकांची अंडाशयं काढत, टाके घालत आणि बेडकांना परत त्याच गढूळ पाण्याच्या टाकीत सोडत. जखमा चिघळायला हव्या होत्या, पण त्या स्वच्छ भरून येत. बेडकाच्या कातडीत शोधल्यावर दोन जंतुनाशक पेप्टाइडं सापडली. ढाल या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून त्यांनी नाव दिलं मॅगेनिन.

आपल्यातही हे आहे. आपल्या कातडीत आणि पांढऱ्या पेशींत एलएल-३७ नावाची ३७ मण्यांची माळ असते. आईच्या दुधात लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन असतं; त्याचा एक तुकडाही जंतूंवर चालतो. तान्ह्या बाळाचं पहिलं संरक्षण ज्यातून होतं, त्यातलाच हा एक शिपाई.

आता बिदरीचा लेप आठवा. लेप दोन्ही धातूंना लागतो, पण काळं एकालाच करतो. या पेप्टाइडांचंही तसंच. त्यांच्या मण्यांवर धन विद्युतभार असतो. जंतूच्या बाहेरच्या आवरणावर ऋण भार असतो, त्यामुळे पेप्टाइड तिकडे ओढलं जातं. आपल्या पेशीचं बाहेरचं अंग बहुतांशी भाररहित असतं आणि त्यात कोलेस्टेरॉल असतं, त्यामुळे तिथे ते तितकं चिकटत नाही. जंतूला चिकटल्यावर माळेची गुंडाळी होते. तिची एक बाजू तेलाला धरणारी, दुसरी पाण्याला धरणारी. साबणासारखीच म्हणा. तेलकट बाजू आवरणात घुसते, आवरण फाटतं आणि जंतूच्या आतलं द्रव्य बाहेर सांडतं. बहुतेक अँटिबायोटिक जंतूच्या आतल्या एखाद्या यंत्राचा एक खिळा काढतात; जंतूने खिळा बदलला की औषध फुकट जातं. हे पेप्टाइड घराची भिंतच पाडतं. भिंतीचा सगळा मसाला बदलणं जंतूला महाग पडतं. शिवाय शेवाळथरात झोपलेल्या जंतूलाही भिंत असतेच.

मग हे सळीवर बसवायचं कसं? तीन वाटा आहेत. पहिली, हाडासारख्या कॅल्शियम फॉस्फेटच्या थरात किंवा सिमेंटमध्ये पेप्टाइड भिजवायचं, म्हणजे ते हळूहळू पाझरतं. दुसरी, टायटॅनियमच्या पृष्ठभागावर विजेच्या साहाय्याने अतिसूक्ष्म नळ्या उगवायच्या आणि त्यांत ते भरायचं. तिसरी, रासायनिक दोरीने पेप्टाइड धातूला कायमचं बांधायचं, म्हणजे ते वाहून जात नाही.

पहिल्या वाटेने २००४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी सशांवर प्रयोग केला. त्यांनी मानवी लॅक्टोफेरिनचे पहिले अकरा मणी घेतले, ते हाडाच्या सिमेंटमध्ये मिसळले आणि सशाच्या मांडीच्या हाडात जंतूंसोबत ठेवले. हाडाचा संसर्ग कमी झाला. आईच्या दुधातल्या प्रथिनाचे अकरा मणी हाडाचं रक्षण करतात, ही गोष्ट वाचून आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प झालो. २०१० मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या विद्यापीठात टायटॅनियमवर कॅल्शियम फॉस्फेटचा थर देऊन त्यात एचएचसी-३६ हे बनवलेलं पेप्टाइड भरलं. प्रयोगशाळेत अर्ध्या तासात जंतू मेले. २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या लायडेन इथल्या गटाने आपल्या एलएल-३७ वरून बेतलेलं ओपी-१४५ सळीच्या लेपात घालून सशांवर वापरलं आणि तिथेही संसर्ग रोखायला मदत झाली. अमेरिकेत तर पुढचं पाऊल पडलं आहे. संसर्ग झालेला कृत्रिम गुडघा उघडून पेप्टाइडच्या द्रावाने धुवायचा, अशी चाचणी थोड्या रुग्णांवर झाली आहे.

हे ऐकून कुणी उद्याच डॉक्टरांना सांगाल, "मला ती बेडकाच्या औषधाची सळी बसवा." तशी सळी आज बिदरच्या, सोलापूरच्या किंवा हैदराबादच्या दवाखान्यात मागून मिळणार नाही. का, तेही आम्ही सांगणं लागतो. कारण उत्साहाच्या भरात विज्ञान अर्धं सांगितलं तर ती जाहिरात होते.

पहिली अडचण निवडीची. हैदराबादच्याच सीसीएमबीत सीताराम आणि नागराज यांनी १९९० मध्ये सेमिनलप्लाझमिनमधला १३ मण्यांचा तुकडा प्रयोगशाळेत जोडून पाहिला. तो जंतूंना मारत होता; पण तांबड्या रक्तपेशीही फोडत होता. म्हणजे लेपाने चांदीही काळी केली. तेव्हापासून जगभरचं निम्मं काम हेच आहे: कुठला मणी बदलला तर जंतू मरतील आणि रक्तपेशी वाचतील.

दुसरी अडचण टिकण्याची. शरीरात प्रथिनं कापणारी द्रव्यं सगळीकडे असतात; ती या माळेचे तुकडे करतात. त्यावर एक सुंदर तोडगा आहे. आपल्या शरीरातले मणी सगळे एकाच हाताचे, डावखुरे म्हणा. त्याच मण्यांची आरशातली, उजव्या हाताची माळ बनवली तर कापणारी कात्री तिच्यावर चालत नाही. १९९० मध्ये मेरिफील्ड आणि बोमान यांच्या गटांनी दाखवलं की अशी उलटी माळही जंतूंना तितक्याच जोरात मारते. पण ती बनवायला महाग.

तिसरी अडचण साध्या सुताराला कळेल अशी आहे. सळी हाडाच्या पोकळीत हातोडीने ठोकत न्यावी लागते. तेव्हा लेप खरवडला जाऊ नये. सळी निर्जंतुक करताना उष्णतेने किंवा किरणांनी पेप्टाइड बिघडू नये. आणि लेप इतका कडकही नको की हाडाच्या पेशीच बसणार नाहीत. जंतूंचा रुमाल उचलून फेकायचा, पण आपल्या माणसाला बसू द्यायचं, असा कंडक्टर हवा.

चौथी अडचण आपल्या हातातली आहे. जंतू पेप्टाइडांनाही कधीच शिकणार नाहीत, असं नाही. कोलिस्टिन हे पेप्टाइड गटातलंच जुनं औषध, शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं. ते कोंबड्या-डुकरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात घातलं गेलं, आणि २०१५ मध्ये चीनमध्ये त्याला दाद न देणारा, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारा जनुक सापडला. भारत सरकारने २०१९ च्या जुलैमध्ये जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. नवीन हत्यार येईल; पण आपण ते बोथट करायचं की नाही, हे गोठ्यात आणि मेडिकलच्या काउंटरवर ठरतं.

मॅगेनिनपासून बनवलेलं एक मलम मधुमेहींच्या पायाच्या जखमेसाठी अमेरिकेत मंजुरीला गेलं होतं. १९९९ मध्ये तिथल्या सरकारी खात्याने ते नाकारलं, कारण असलेल्या औषधापेक्षा ते सरस ठरलं नाही. पण त्यामुळे काम थांबलेलं नाही. मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. सुसान इडिकुला-थॉमस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'कॅम्प' नावाचा संगणकीय संग्रह प्रसिद्ध केला. जगभर सापडलेल्या जंतुनाशक पेप्टाइडांची ही वहीच. २०१६ पर्यंत तिच्यात दहा हजारांवर माळा नोंदल्या गेल्या. एखादी नवी माळ जंतूंना मारेल की नाही, याचा अंदाजही तिथे संगणक देतो. ही वही जगातल्या कुठल्याही संशोधकाला फुकट उघडता येते. इथे बसलेल्या, बारावी विज्ञानाला असलेल्या मुला-मुलींनो, तुम्हालाही.

आता शेवटचा भाग, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. लेपाची सळी येईल तेव्हा येईल. शर्यत मात्र आजही सुरू आहे, आणि आपल्या पेशींच्या बाजूने आपण बरंच काही करू शकतो.

अपघातात हाड उघडं पडलं तर जखमेवर हळद, चहापूड, शेण, माती, राख काहीही टाकू नका. स्वच्छ कापड दाबून धरा, पाय लाकडाच्या फळीला बांधा आणि निघा. अशा जखमेत अँटिबायोटिकचं इंजेक्शन जितकं लवकर, शक्यतो पहिल्या तासाभरात, मिळेल तितकं चांगलं. धनुर्वाताच्या लशीचं विचारा.

ठरवून ऑपरेशन असेल तर आधी साखर आटोक्यात आणा. किडलेला दात, लघवीचा दाह, पायाच्या भेगांतला पू, अंगावरचं गळू हे सगळं आधी बरं करा आणि डॉक्टरांपासून लपवू नका. विडी, सिगारेट बंद. तंबाखू आणि गुटखाही बंद, कारण हाड जुळायला ते आड येतात. आदल्या दिवशी साबणाने अंघोळ करा. ऑपरेशनच्या जागेचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. वस्तऱ्याच्या बारीक चिरांत जंतू घर करतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये हेच सांगितलं आहे. ऑपरेशनआधी दिलेलं इंजेक्शन वेळेवर मिळणं महत्त्वाचं; नंतर विनाकारण गोळ्या लांबवून फायदा नाही, हेही त्याच सूचनांत आहे. तेव्हा "डॉक्टरांनी गोळ्या कमी दिल्या" म्हणून नाराज होऊ नका.

भेटायला जाणाऱ्यांसाठी एकच विनंती. पेशंटच्या पलंगावर बसू नका, पट्टीला हात लावू नका, आणि आत जाताना व बाहेर येताना हात धुवा. आपल्याकडे माया जास्त, म्हणून गर्दीही जास्त. माया दारातूनही पोहोचते.

आणि घरी आल्यावर जखमेतून पाणी, पू, नवी लाली, वाढती दुखणी, ताप यांपैकी काहीही दिसलं, तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच त्याच आठवड्यात जा. मेडिकलमधून गोळी आणून ते झाकू नका. शेवाळथर कोवळा असताना, पहिल्या काही आठवड्यांत, जखम उघडून धुतली तर पुष्कळदा सांधा किंवा सळी वाचवता येते. तो जुना झाला की धातू काढावाच लागतो. काकांच्या त्या टाचणीएवढ्या भोकाची किंमत दोन एकर झाली, ती या उशिरामुळे.

एक काम मंडळानेही हाती घ्यावं, असं आम्हाला वाटतं. गावात ज्यांच्या अंगात सळी, प्लेट किंवा सांधा आहे, त्यांनी ऑपरेशनची तारीख, बसवलेल्या वस्तूचा कागद आणि दिलेल्या औषधांची यादी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराजवळ ठेवावी. पुढे कधी त्रास झाला तर नव्या डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सगळं कळेल. मंडळाच्या मुलांनी घरोघरी वर्गणीला जाताना एवढी चौकशी केली, तरी पुष्कळ झालं. ही पिशवी उद्यापासून सुरू करता येईल. तिला सशावर चाचणी लागत नाही.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली, तेव्हा कितीतरी घरांना तो परवडू लागला. पेप्टाइडच्या लेपाची सळी बाजारात आली की तिची किंमतही याच नजरेने पाहावी लागेल. आणि त्याहून आधी, हैदराबादेत वळूच्या वीर्यद्रवापासून सुरू झालेलं हे काम पुढे नेणारं एखादं नाव जनवाड्याचं, भालकीचं किंवा औरादचं असावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

कुणाच्या अंगात सळी असेल आणि काही शंका असेल, तर आम्ही प्रसादाच्या रांगेशेजारी थांबलो आहोत. लाजू नका, येऊन विचारा.

गणपती बाप्पा मोरया!